ठेकेदाराचा टीडीएस कापला, रिटर्न राहिलं: आधी काय कराल?

भाताची कापणी आटोपली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत बांधकामाचा हंगाम सुरू होतो. कडाव-कशेळेकडची फार्महाऊस, नेरळच्या इमारती, चौक-सावरोलीच्या बाजूची गोदामं आणि शेड, खोपोलीच्या कारखान्यांतली दुरुस्ती, सगळं दिवाळीनंतर धरायचं आणि पाऊस लागायच्या आत उरकायचं असतं. जेसीबी, डंपर, गवंडी, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, वायरमन, रंगारी यांना पैसे भराभर सुटत राहतात. टीडीएसच्या दोन तिमाही नेमक्या याच काळात येतात. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं आणि जानेवारी ते मार्चचं ३१ मेपर्यंत. मालक साइटवर असतो, बिलं गाडीत असतात, आणि हिशेबनिसाच्या टेबलावर ती पिशवी येते जूनमध्ये, काम थांबल्यावर. तोपर्यंत दोन्ही मुदती गेलेल्या असतात.

हा लेख तालुक्यातल्या कर सल्लागारांसाठी, हिशेबनिसांसाठी आणि स्वतःचे कागद स्वतः सांभाळणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी आहे. उशीर झालाच असेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी चलन, मग विवरणपत्र, मग ठेकेदाराच्या हातात दाखला. हा क्रम चुकला की नुकसान वाढत जातं. आणि या साऱ्यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कापलेले पैसे मालकाचे नाहीत आणि सरकारनं अजून पाहिलेले नाहीत. ते त्या ठेकेदाराचे आहेत.

यात किती पैसे अडकतात ते पाहा. एखादा गवंडी-ठेकेदार वर्षाला ४० लाखांची कामं करतो. कलम ४४एडीखाली ८ टक्के नफा दाखवला तर त्याचं उत्पन्न ३ लाख २० हजार धरलं जातं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे त्याला कर काहीच नाही. पण त्याच्या बिलांतून १ टक्का दरानं ४०,००० रुपये कापले गेलेले असतात. ते परत मिळण्याचा मार्ग एकच: मालकानं २६क्यू हे टीडीएसचं तिमाही विवरणपत्र भरायचं, मग ती रक्कम ठेकेदाराच्या २६एएस या कर-उताऱ्यात दिसणार, मग त्यानं आपलं रिटर्न भरून परतावा मागायचा. मालकाचं विवरणपत्र अडलं की ही साखळी पहिल्याच कडीला थांबते. ज्याच्याकडे काम करणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी दर आठवड्याला द्यायची असते, त्याला ४०,००० ही मोठी रक्कम आहे.

कर कापायचा होता का, हे आधी ठरवा

पिशवी उघडल्यावर लगेच फॉर्म भरायला बसू नका. तुमचा क्लायंट कोण आहे ते पाहा. भागीदारी संस्था आणि कंपनी यांना ठेकेदारांच्या कपातीचं कलम १९४सी पहिल्या दिवसापासून लागू आहे, उलाढाल कितीही असो. एकट्याच्या मालकीचा धंदा किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर आदल्या आर्थिक वर्षात उलाढाल १ कोटीच्या वर गेली असेल तरच. पेशा असेल तर ५० लाखांच्या वर.

आपल्या भागात फार्महाऊसचा प्रश्न वारंवार येतो. मुंबईच्या एखाद्या कुटुंबानं स्वतः राहण्यासाठी घर बांधलं असेल, तर व्यक्तीच्या निव्वळ घरगुती कामावर १९४सी लागत नाही. मात्र एकाच ठेकेदाराला वर्षात ५० लाखांपेक्षा जास्त दिले असतील तर कलम १९४एम लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर २ टक्के आहे, आधी ५ होता. त्याला टॅन लागत नाही, फॉर्म २६क्यूडी भरून काम होतं. पण तेच घर शनिवार-रविवारी भाड्यानं जाऊ लागलं, त्याची जाहिरात झाली, पैसे धंद्याच्या खात्यात आले, की ‘घरगुती’ हा शब्द वापरता येणार नाही. हे क्लायंटला तोंडावर सांगायला हवं.

मर्यादा दोन आहेत. एकच रक्कम ३०,००० रुपयांच्या वर असेल किंवा वर्षभरात त्याच माणसाला दिलेली एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली असेल, तर कर कापायचा. दुसऱ्या मर्यादेपाशी बहुतेकांची चूक होते. फरशीवाल्याला २८,००० रुपयांची चार बिलं दिली, तर प्रत्येक बिल ३०,००० च्या आत आहे म्हणून कोणी कापत नाही. पण बेरीज १,१२,००० होते. चौथ्या बिलाला कापायचे ते २८० रुपये नव्हेत, सगळ्या रकमेवरचे १,१२० रुपये. म्हणून तिमाहीचे कागद समोर असले तरी खातं नेहमी १ एप्रिलपासून काढा.

उचलीवरही कर कापावा लागतो. मुकादमाला दसऱ्याला दिलेली उचल हिशेबात ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून पडून राहते आणि बिल मार्चमध्ये येतं. कायदा म्हणतो, रक्कम खात्यावर जमा केली किंवा दिली, यांत जे आधी घडेल तेव्हा कर कापा. त्यामुळे उचलीची तारीख हीच कापणीची तारीख, आणि तिमाहीही तीच.

दर ओळखायला पॅनचं चौथं अक्षर पाहा. ‘पी’ म्हणजे व्यक्ती आणि ‘एच’ म्हणजे अविभक्त कुटुंब, दर १ टक्का. ‘एफ’ म्हणजे भागीदारी संस्था आणि ‘सी’ म्हणजे कंपनी, दर २ टक्के. पॅन दिलाच नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर २० टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कर जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर मोजायचा. आर्किटेक्टची फी मात्र ठेकेदारीत घालू नका, ती १९४जे खाली १० टक्क्यांची बाब आहे.

वाहतुकीचं काम थोडं वेगळं. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या डंपरवाल्यानं पॅनसह तसं लेखी दिलं असेल, तर कर कापायचा नाही. पण त्याचं नाव आणि रक्कम २६क्यूमध्ये दाखवावीच लागते, कारणाच्या रकान्यात ‘टी’ हे अक्षर टाकून. कर नाही म्हणून नोंदही नाही, ही समजूत चुकीची आहे. शिवाय ही सूट फक्त मालवाहू मोटार वाहनांना आहे. रिसॉर्टसाठी पाहुणे आणणाऱ्या बसला ती मिळत नाही. माथेरानला घोड्यांवरून किंवा हातगाडीवरून सामान चढवणाऱ्यालाही मिळत नाही. तिथे ३०,००० आणि १ लाखाच्या मर्यादाच पाहायच्या.

उशिराची किंमत

क्लायंटला आकडा सांगितल्याशिवाय घाई कळत नाही. म्हणून एक उदाहरण मांडतो. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टची भागीदारी संस्था आहे. २० नोव्हेंबर २०२५ रोजी एका ठेकेदाराला ६ लाखांचं बिल दिलं, ६,००० रुपये कापले, पण भरले नाहीत. भरायची तारीख होती ७ डिसेंबर. पैसे आणि विवरणपत्र दोन्ही १० जून २०२६ रोजी गेले असं धरू.

कापून न भरलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज लागतं, आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरतात. नोव्हेंबर ते जून हे आठ महिने होतात, म्हणजे १२ टक्के, ७२० रुपये. याच नियमामुळे ३० नोव्हेंबरला कापलेला कर ७ ऐवजी ८ डिसेंबरला भरला तरी दोन महिन्यांचं, ३ टक्के व्याज बसतं.

व्याजापेक्षा जड आहे ते कलम २३४ईचं विलंब शुल्क, रोज २०० रुपये. ३१ जानेवारी ते १० जून हे १३० दिवस झाले, म्हणजे २६,०००. पण हे शुल्क त्या विवरणपत्रातल्या एकूण कराच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून इथे ६,००० वर थांबतं. कर, व्याज आणि शुल्क मिळून १२,७२०. जे काम ६,००० त झालं असतं त्याला दुपटीहून जास्त पडले, आणि ही कमाल पातळी २ मार्चलाच गाठली गेली होती.

हे शुल्क माफ करून घेता येईल का, असं प्रत्येक क्लायंट विचारतो. १ जुलै २०१२ पासून ते कायद्यात आहे. त्याच्या वैधतेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. रश्मिकांत कुंडलिया यांच्या प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयानं ही तरतूद वैध ठरवली. उशिरा आलेल्या विवरणपत्रामुळे खात्याला करावं लागणारं जादा काम लक्षात घेऊन घेतलेलं हे शुल्क आहे, दंड नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यामुळे आजारपण, पाऊस, इंटरनेट नाही, हिशेबनीस सोडून गेला, यांतलं कुठलंही कारण इथे चालत नाही.

कारण चालतं ते कलम २७१एचच्या दंडाला. तो १०,००० ते १ लाखापर्यंत असू शकतो. पूर्वी कर, व्याज आणि शुल्क भरून वर्षाच्या आत विवरणपत्र दिलं तर हा दंड होत नसे. १ एप्रिल २०२५ पासून ती मुदत एक महिन्यावर आली आहे. हा बदल पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही. महिना उलटला असेल तर उशिराचं खरं कारण कागदांसह आत्ताच फाइलला लावून ठेवा. रुग्णालयाचे कागद, भागीदारांमधल्या वादाची नोटीस, असं काहीही असो. नोटीस आल्यावर जमवलेल्या पुराव्याला तेवढं वजन राहत नाही.

सगळ्यांत मोठा फटका आयकराच्या हिशेबात बसतो आणि तोच शेवटी कळतो. धंद्याचं आयकर रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत टीडीएस भरला नाही, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो. वरच्या उदाहरणात कर तोपर्यंतही भरला नसता तर ६ लाखांचे १,८०,०००. भागीदारी संस्थेला उपकरासह ३१.२ टक्के दरानं त्यावर ५६,१६० रुपये कर पडला असता. पुढे ज्या वर्षी टीडीएस भराल त्या वर्षी हा खर्च मंजूर होतो, पण तोपर्यंत पैसे गुंतलेले राहतात. ही नामंजुरी चलनावर अवलंबून आहे, २६क्यूवर नाही. म्हणून चलन आधी.

बसल्या बैठकीत करायचं काम

सगळी बिलं जुळली नाहीत म्हणून चलन थांबवू नका. जेवढा कर नक्की झाला आहे तेवढा आजच भरा. चलन क्रमांक २८१ आयकर पोर्टलवर टॅन टाकून भरता येतं. त्यात कराची रक्कम, व्याज आणि २३४ईचं शुल्क आपापल्या रकान्यांत टाका, सगळं एका आकड्यात कोंबू नका. कर निर्धारण वर्ष दोनदा तपासा. २०२५-२६ मधल्या कापणीसाठी ते २०२६-२७ असतं. घाईत इथेच चूक होते आणि ती दुरुस्त करण्यात आणखी दिवस जातात. विवरणपत्र देण्याआधी शुल्क भरलेलं असावं, असंच कायदा सांगतो.

चलन भरलं की विवरणपत्राबद्दल विचार करा. इथे दोन मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, सगळे पॅन येईपर्यंत थांबा, अर्धवट भरू नका. मला ते पटत नाही. शुल्काची कमाल पातळी अजून गाठलेली नसेल तर रोजचे २०० रुपये चालू आहेत. जेवढ्या नोंदी खात्रीच्या आहेत तेवढ्या घेऊन मूळ विवरणपत्र द्या, आणि राहिलेले ठेकेदार दुरुस्ती विवरणपत्रात घाला. शुल्क विवरणपत्राच्या उशिराचं असतं, ते मूळ विवरणपत्र गेल्या दिवशी थांबतं. ज्यांच्या नोंदी तयार आहेत त्यांचं २६एएस तरी लगेच भरतं. पण खात्री नसलेला पॅन अंदाजानं टाकू नका. चुकीच्या पॅनमुळे २० टक्क्यांची मागणी येते आणि एखाद्या तिऱ्हाइताच्या खात्यात कर दिसू लागतो.

आपल्याकडे पॅनची एक खास अडचण असते. काम मुकादमानं घेतलेलं असतं आणि पैसे त्याच्या भावाच्या किंवा मुलाच्या खात्यावर गेलेले असतात. पॅन काम घेणाऱ्याचा लागतो, खातेदाराचा नव्हे. फोनवरून पॅन लिहून घेऊ नका, कार्डाचा फोटो मागवा आणि ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवर नाव जुळतं का ते पाहा. क्लायंट म्हणेल, ‘साहेब, तो आता गावाला गेलाय, दिवाळीला येईल.’ तरी मागवा. वीटभट्टीच्या हंगामात गेलेला माणूसही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू शकतो.

२६क्यू तयार करण्याचं आरपीयू हे सॉफ्टवेअर प्रोटीनच्या साइटवर फुकट मिळतं. चलनाची सीएसआय फाइल घेऊन ते तपासलं की एफव्हीयू फाइल तयार होते. ती आयकर पोर्टलवर टॅनच्या लॉगिननं चढवायची आणि डिजिटल सहीनं किंवा ओटीपीनं पक्की करायची. पावतीचा क्रमांक जपून ठेवा. काही दिवसांनी ट्रेसेसवर प्रक्रिया झाल्याची सूचना येते. तिच्यात मागणी निघाली असेल तर जस्टिफिकेशन रिपोर्ट उतरवून घ्या, त्यात कोणत्या नोंदीपोटी किती व्याज लावलं ते ओळीओळीनं दिसतं. दुरुस्तीसाठी कॉन्सो फाइलही तिथेच मिळते. दुरुस्ती लांबणीवर टाकू नका. पूर्वी तिला मुदतच नव्हती, मग सहा वर्षांची आली, आणि नव्या आयकर कायद्यात ती दोन वर्षांवर आणली आहे.

क्लायंट काय म्हणेल

‘तारीख पुढची दाखवा, म्हणजे शुल्क वाचेल.’ हे ऐकावं लागतं, विशेषतः आकडा सांगितल्यावर. स्पष्ट नाही म्हणा. ठेकेदाराचं जीएसटी रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट आणि साइटचं मोजमाप, तिन्हींवरही खरी तारीख आहे. ६,००० वाचवायला खोटी नोंद करणाऱ्या सल्लागारावर पुढच्या वर्षी तोच क्लायंट विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या टोकाला काही क्लायंट घाबरून जातात, कोणीतरी त्यांना तुरुंगाचं सांगितलेलं असतं. त्यांना धीर द्या. कापलेला कर त्या तिमाहीच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरला असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून कलम २७६बीखाली खटला होत नाही. आणि कापून फक्त उशिरा भरला असेल तर २७१सीचा, कराएवढ्या रकमेचा दंड लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये यूएस टेक्नॉलॉजीज इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितलं आहे. व्याज मात्र चुकत नाही.

कर कापलाच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कर ज्या दिवशी कापायला हवा होता त्या दिवसापासून दरमहा १ टक्का व्याज लागतं. पुढचं बिल द्यायचं असेल तर ठेकेदाराला विचारून त्यातून वसूल करा. त्याला न सांगता कापणं बरं नव्हे. काम संपलं असेल, पण ठेकेदारानं हे उत्पन्न दाखवून आपलं रिटर्न भरलं असेल आणि त्यावर लागू असलेला कर दिला असेल, तर सीएच्या प्रमाणपत्रासह फॉर्म २६ए देता येतो. मग मालकाकडून कर वसूल होत नाही. ठेकेदारानं रिटर्न भरल्याच्या तारखेपर्यंतचं व्याज तेवढं भरावं लागतं आणि खर्चाची नामंजुरीही टळते. पुष्कळ मालक या मार्गाची माहिती नसल्यानं खिशातून कर भरतात.

ठेकेदाराची बाजूही सांभाळा. त्यानं २०२४-२५ मध्ये उत्पन्न दाखवलं आणि मालकानं कर कापला २०२५-२६ मध्ये, तर त्याचं श्रेय मागच्या वर्षाला मिळवण्यासाठी फॉर्म ७१ आहे, कर ज्या वर्षी कापला ते वर्ष संपल्यापासून दोन वर्षांच्या आत भरायचा. हे त्याला कोणी सांगत नाही, कारण त्याच्याकडे सल्लागार नसतो. तुम्ही सांगा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. ठेकेदारांच्या कपातीची तरतूद आता कलम ३९३ मध्ये आहे. पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या रकमांचा सगळा हिशेब, जूनमध्ये भरत असलात तरी, १९६१ च्याच कायद्यानं आणि जुन्याच फॉर्मनं चालेल. दोन्ही वर्षांच्या बिलांच्या फाइली आजपासून वेगळ्या लावा. एकच साइट मार्चमधून एप्रिलमध्ये चालू राहिलेली असते, तिथे गल्लत होते.

विवरणपत्रावर प्रक्रिया झाली की ट्रेसेसवरून प्रत्येक ठेकेदाराचा फॉर्म १६ए उतरवा. तो विवरणपत्राच्या मुदतीनंतर १५ दिवसांत द्यायचा असतो, आणि न दिल्यास रोज ५०० रुपयांचा दंड होऊ शकतो, कराच्या रकमेपर्यंत. पीडीएफ मालकाला पाठवून थांबू नका. ती ठेकेदाराच्या फोनवर पाठवा, सोबत दोन ओळी लिहा: तुमचे इतके कापले होते, ते आता तुमच्या नावावर दिसत आहेत, मुदतीच्या आत रिटर्न भरून परत मागा. आणि रिटर्न आधीच भरून झालं असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरता येतं, हेही कळवा.